पातेल्यातला रेडिओ

आबा, आता फोनमध्येच रेडिओ येतो. तुम्ही पाहिलेला फोन म्हणजे बसस्टँडजवळच्या काचेच्या खोलीतला, हा तो नाही. हा तळहातावर मावतो, याला वायर नाही, आणि त्यात ॲप म्हणून एक प्रकार टाकला की परभणीचं केंद्रही लागतं आणि नाव उच्चारता येणार नाही अशा देशांतली केंद्रंही लागतात. तुमच्या हयातीत हे आलं असतं तर तुम्ही हरखून गेला असता. मला मात्र त्याची शिसारी आली आहे. आठवडाभर मी फोन हातात घेते आणि आधी पदराला पुसते, जसं काही त्याला कसली घाण लागली आहे. माय म्हणते, फोनला काय झालंय? मी म्हणते, काही नाही. ती पुन्हा विचारत नाही, तुम्हाला तिची सवय ठाऊकच आहे.

तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मला वालूरचं समाजमंदिर आठवतं, घर नाही. घरात तुम्ही कमीच बोलायचात. संध्याकाळी तुम्ही बगलेत रेडिओ घेऊन निघायचात आणि मंदिराच्या खिडकीत तो ठेवायचात. त्याच्या मागच्या बाजूला रबर गुंडाळलेलं, आणि काटा जागेवरून हलू नये म्हणून बटणाच्या फटीत काडेपेटीतली काडी खुपसलेली. म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसायची, बाया डाळ निवडायला सुपं घेऊन यायच्या. रेडिओ लागला की कुणी बोलायचं नाही, हा तुमचा कायदा. खोकला आला तर माणूस उठून बाहेर जाऊन खोकायचा. कुणी पाटलाच्या वाड्यावर एवढा अदब पाळला नसेल जेवढा आपल्या वस्तीत त्या रंग उडालेल्या डब्यासमोर पाळला जायचा. बातम्या संपल्या की तुम्ही एखाद्याला उठवायचात, "सांग बरं, काय काय ऐकलं?" आणि ज्याला सांगता येत नसे त्याची दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत रवानगी व्हायची.

एकदा मी मार खाता खाता वाचले, तेवढं सांगते. आवाज मध्येच गेला. नुसती खरखर. मी खिडकीजवळ बसलेली, मला वाटलं आपण हुशारी दाखवावी, म्हणून ती काडी काढली आणि बटण फिरवलं. केंद्र गेलं ते गेलंच, त्या दिवशी पुन्हा लागलं नाही. तुम्ही हात उगारलात, पण मारलं नाही. खाली बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "पोरी, आवाज गेला तर गप बसायचं. तो आपल्या पायानं माघारी येतो. तू हात लावला की वाट चुकतो बग त्यो." तेव्हापासून आपल्या घरात आणि आपल्या वस्तीत हाच नियम झाला. आवाज गेला की सगळे हात मांडीवर. कितीही वेळ लागो. आणि खरंच, तो यायचा. कधी बातम्यांच्या शेवटी यायचा, कधी निवेदिका नमस्कार म्हणत असताना यायचा, पण यायचा.

तुमचं स्वतःचं गाणंही त्याच रेडिओवर लागलं होतं. ते मी ऐकलेलं नाही, तुम्हीही ऐकलं नाही, मायनंही नाही. मी तेव्हा अंगावर पिणारी. तुमच्या गायन पार्टीला केंद्राचं बोलावणं आलं, म्हणून मुकादमाच्या हातापाया पडून तुम्ही टोळीच्या मागं राहिलात, पेटी आणि ढोलकी घेऊन एसटीनं परभणीला गेलात, कापड लावलेल्या भिंतींच्या खोलीत गाऊन आलात आणि दुसऱ्याच दिवशी ऊसतोडीला निघून आलात. गाणं लागलं तेव्हा आपण तिघं कुठल्या तरी कारखान्यावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. तिथं परभणी ऐकू येत नव्हतं. उन्हाळ्यात गावी परत आलो तर अख्खी वस्ती वेशीपाशी. तुमच्या पार्टीतले ढोलकीवाले काका तेव्हा पाय मोडल्यामुळे गावातच होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते मायला सांगायला लागले, "वयनी, काय सांगू, आधी नाव घेतलं, मग गावाचं नाव घेतलं, आन् मग गाणं." माय तेव्हापासून एवढंच म्हणायची, "सगळ्या गावानं ऐकलं, मह्याच वाट्याला न्हाई आलं." तुम्ही म्हणायचात, "लावतील की पुना." आणि रोज संध्याकाळी रेडिओ घेऊन निघायचात. मला मोठी होईपर्यंत वाटायचं की तुम्हाला बातम्यांचं वेड आहे.

तुम्ही गेलात, मग रेडिओत उंदरांनी संसार मांडला आणि धाकट्यानं तो भंगारात दिला. धाकटा आता पुण्याला असतो. माय माझ्याकडे मानवतला आहे. मी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे, म्हणजे कंट्रोलर. माईकवर गाड्या पुकारते. "पाथरीकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, परभणीकडून येणारी गाडी उशिरानं धावत आहे." लोक म्हणतात बाईंचा उच्चार स्वच्छ आहे. तो कुणी करून घेतला हे त्यांना काय माहीत. तर अशा मला मागच्या आठवड्यात ढोलकीवाल्या काकांचा फोन आला. त्यांना आता धड बोलता येत नाही, पण त्या दिवशी ते ओरडत होते. "पोरी, केंद्रावाले जुन्या टेपा लावायलेत. उद्या सांजच्याला आपली हाय. मह्या पुतण्याला तिथून निरोप आला. वयनीला बसव मोऱ्हं."

मी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नाव घेतील का गं ते? आधी घेतलं होतं म्हण." मी म्हणाले, टेप तीच असेल तर का नाही घेणार? तिनं भाकरी तव्यावर टाकली, आणि ती भाकरी करपली. आबा, त्या बाईच्या हातची करपलेली भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. तुम्ही जिवंत असताना ती तुम्हाला नावानं कधी हाक मारत नसे, आणि आता ती दिवसभर वाट बघणार होती की कुणीतरी परकी बाई हवेतून ते नाव घेईल.

मी लगेच बाजारात गेले, रेडिओ घ्यायला. दुकानदारानं एक डबा पुढं केला. दिसायला थेट तुमच्या रेडिओसारखा, तसाच तपकिरी, तशीच जाळी, तसाच काटा. मी काटा फिरवला तर तो फिरेना, नुसता चिकटवलेला. दुकानदार म्हणतो, "ताई, हा शोसाठी आहे, यात पेनड्राइव्ह लावायचा." म्हणजे रेडिओचा मुखवटा. दुसऱ्या दुकानात तर पोरगी हसलीच. मी चिडून धाकट्याला फोन लावला. तो कुठल्या तरी गडबडीत होता, म्हणाला, "अगं ताई, कुठं रेडिओ शोधत फिरतेस? ॲप टाक ना. एकदम क्लिअर येतं. लाइव्ह असतं, लाइव्ह. मी पण इथून ऐकतो, आपण सगळे एकाच वेळी ऐकू." त्या शेवटच्या वाक्याला मी भुलले.

ॲप टाकलं. आता जरा ऐका की ते काय आहे. उघडल्या उघडल्या ते विचारतं, तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कळू द्याल का? मग विचारतं, तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर बघू का? रेडिओ ऐकायला माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो? मी नको म्हटलं तर पुन्हा विचारलं, मग पुन्हा. दारावर आलेला विक्रेतासुद्धा तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर पुढच्या घरी जातो. मग केंद्रांची यादी. परभणी शोधलं तर आधी भलतीच गाणी लावणारी चार केंद्रं वर, कारण त्यांनी म्हणे वर बसायची व्यवस्था केलेली. शेवटी आपलं केंद्र सापडलं, मी त्यावर बोट ठेवलं, माय हात जोडून पुढं सरकली, आणि फोनमधून एक बाई लाडिक आवाजात म्हणाली, "मूळव्याधीनं हैराण आहात का?" मायनं जोडलेले हात खाली घेतले. "ही कोण बोलायली?" मी म्हणाले, जाहिरात आहे. "रेडिओवाले असं बोलायलेत आता?" मी म्हणाले, रेडिओवाले नाही, ॲपवाले. तिला त्यातला फरक कळला नाही, आणि का कळावा? मूळव्याध झाली, मग पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात झाली, त्यात एक पोरगा ओरडून सांगत होता की तो घरी बसून मालामाल झाला. मग कुठं आपल्या केंद्रावरचं सोयाबीनचं काहीतरी लागलं. आवाज स्वच्छ होता, ते खरं. खरखर अजिबात नाही. बाजूला एक लाल ठिपका लुकलुकत होता आणि त्याखाली लिहिलेलं, लाइव्ह. कुणीतरी सोयाबीनवरच्या अळीची माहिती सांगत होतं आणि पडद्यावर खालून वर बदामाच्या आकाराची लाल हृदयं उडत होती. अळीला हृदय देणारे हे कोण लोक आहेत, आबा?

आमच्या घरामागं एका मुसलमान बाईंचं घर आहे, सगळे त्यांना खाला म्हणतात. एकट्या असतात, शिवणकाम करतात. त्यांचं स्वयंपाकघर आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक बोळ, खिडकीसमोर खिडकी. त्यांच्याकडे जुना रेडिओ आहे, दिवसभर मशीनच्या आवाजात चालू असतो. माझी बाजारातली वणवण त्यांना कळली तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे बाई, एवढी बेजार कशाला? अम्माला घेऊन इकडं या ना. आपला रेडिओ हाय की. मी चाय करते, मस्त ऐकू." मी नाही म्हणाले. का, ते सरळ सांगते. खालांकडे रेडिओ लागला असताना माणसं बोलतात. कपडे शिवायला आलेल्या बाया येतात-जातात, मापं घेतात, भाव करतात, खाला मध्येच गाण्यावर मान डोलावून गिऱ्हाइकाशी बोलतात. मला तुमचं गाणं असल्या बाजारात मायला ऐकवायचं नव्हतं. म्हणून मी त्यांना म्हणाले, "नको खाला, आमच्याकडे ॲप आहे. एकदम स्वच्छ येतं." हे मी तोऱ्यात म्हणाले. खाला म्हणाल्या, "ठीक हाय."

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटी बदलून घेतली. मायनं सकाळीच अंघोळ करून ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावली. ढोलकीवाले काका येणार होते पण त्यांना येववलं नाही. संध्याकाळी मी ॲप लावलं, मूळव्याध होऊ दिली, जुगार होऊ दिला, मग केंद्र लागलं. फोनचा आवाज पुरेना, म्हणून मी तो स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवला. असं केलं की आवाज घुमतो, सगळेच करतात. शिवाय पातेल्यात ठेवला की ती उडणारी हृदयं मायला दिसत नाहीत. पातेलं स्वयंपाकघराच्या फळीवर, खिडकीच्या बाजूला, उंचावर ठेवलं, तुम्ही ठेवायचात तसं. माय खाली चटईवर, मी तिच्याजवळ. हात मांडीवर. ती मला म्हणाली, "आता बोलू नको हं." जणू मी सहा वर्षांची.

पातेल्यातून बाजारभाव चालू आहेत. तूर, हरभरा, कापूस. निवेदिका शांतपणे एकेक आकडा वाचते आहे. मी मनात म्हणते आहे, बाई, आटप. तेवढ्यात खिडकीतून, बोळाच्या पलीकडून, एकदम मोठ्यानं कुणाचा तरी आवाज येतो. पुरुषाचा, उंच, चिरका, साथीला काही नाही, नुसती एक लांबच लांब ओढलेली हाक, मग ढोलकीची थाप. एवढा मोठा की पातेल्यातले बाजारभाव ऐकू येईनात. माझं डोकं फिरलं. मी उठले. रोज दिवसभर तो रेडिओ चालतो, मी कधी हूं की चूं केलं नाही, पण आज आमच्याकडे काय आहे ते ठाऊक असताना, आजच्या दिवशी? माय म्हणाली, "राहू दे की उगडी." मला वाटलं, तिला उकडतंय. मी म्हणाले, "कोण रेकायलंय हे, ह्यालाच आत्ता मुहूर्त सापडला!" आणि खिडकीची दोन्ही दारं ओढून खटकन कडी घातली. घरात शांतता झाली. कापूस संपला. मी येऊन मायजवळ बसले, हात मांडीवर ठेवले. मायनं मान खाली घातली होती.

पातेल्यातली निवेदिका म्हणाली, "आणि आता ऐकू या आपल्या संग्रहातलं एक जुनं ध्वनिमुद्रण. गायक आहेत..."

आणि आवाज गेला.

आबा, आम्ही हात लावला नाही. मला सांगायची लाज वाटते, पण आम्ही दोघी, एक म्हातारी आणि एक केस पिकलेली, हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. खरखरही नाही. नुसतं पातेलं. मी मनात म्हणत होते, येईल, आपल्या पायानं माघारी येईल. माय डोळे मिटून बसलेली. एकदा वाटलं उठून बघावं, लगेच तुमचा उगारलेला हात दिसला आणि मी बसले. दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्या क्षणाला कुणीतरी फोन उचलला असता. आपल्या घरात नाही उचलला. मेणबत्ती वितळून खाली आली तेव्हा मी उठले आणि पातेल्यात पाहिलं. पडद्यावर एक पांढरी चौकट होती. तीत लिहिलं होतं, "तुम्ही अजून ऐकत आहात का?" आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही.

काय म्हणावं याला? श्वास रोखून बसलेल्या माणसाला विचारायचं, ऐकताय का? आणि उत्तर आलं नाही म्हणून तोंड बंद करायचं? त्याला वाटलं असणार, एवढा वेळ कुणी हात लावला नाही म्हणजे कुणी ऐकतच नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांच्या लेखी ऐकणारा माणूस म्हणजे सतत बोटं चाळवणारा माणूस. गप बसून ऐकणारं त्यांच्या गावात कुणी नसेलच. मी 'हो' दाबलं. ते म्हणालं, थांबा. मग मूळव्याध लागली. पुन्हा तीच बाई, तोच लाडिक आवाज. त्या क्षणी मला जी किळस आली तिला शब्द नाही. मूळव्याध संपली तेव्हा केंद्रावर कुणीतरी पाककृती सांगत होतं.

मायला मी म्हणाले, गेलं बहुतेक. ती म्हणाली, "बरं." आणि लुगड्याचा पदर सारखा केला.

तेवढ्यात दार वाजलं. खाला आल्या होत्या, एका वाटीत शेवया घेऊन, डोळे भरलेले. "अम्मा, मुबारक हो. क्या गला था, बाई! नाव बी घेतलं, वालूर बी म्हणाले. मी मशीन बंद केली, बायांना म्हणलं चुप बैठो. आन् अम्माला ऐकू जावं म्हणून रेडिओ खिडकीत तुमच्याकडं तोंड करून ठेवला, फुल आवाज." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपण तर खिडकी लावून घेतली. मला वाटलं, तुमच्याकडं बी लागलं असंल, डबल आवाज नको म्हणून." मी हसले असेन. माणूस असल्या वेळी हसतो. त्यांनी वाटी ठेवली आणि त्या गेल्या.

धाकट्यानं नंतर मला फोनवर समजावलं. तो स्वतः काही ऐकू शकला नव्हता, त्याची मीटिंग लागली होती. तो म्हणाला, "ताई, स्ट्रीम थोडी मागं असतेच. हवेतला रेडिओ आधी पोचतो, नेटवरून यायला जरा उशीर होतो. नॉर्मल आहे." मी म्हणाले, मग लाइव्ह कशाला लिहितात? तो म्हणाला, "तसंच म्हणतात त्याला." मग म्हणाला, "पण तू रेकॉर्ड का नाही केलंस?" मग त्यानं रडणाऱ्या तोंडाचं एक पिवळं चित्र पाठवलं. त्या चित्राचा डोळ्यातला थेंब हलतो. मी फोन पालथा ठेवला.

दिवसभर माईकवर गाडी उशिरानं धावत आहे म्हणून ओरडणारी मी. उशीर म्हणजे काय ते मला जितकं कळतं तितकं मानवतमध्ये कुणाला कळत नसेल. मागची गाडी आधी फलाटावर लागते आणि पुढची गाडी मागून येते, लोक मला विचारायला येतात, मी त्यांच्यावर खेकसते की नीट ऐकत जा. आणि एका लाल ठिपक्यावर मी विश्वास ठेवला, आणि बोळापलीकडच्या बाईवर ठेवला नाही. खालांच्या घरी माणसं बोलतात म्हणून मी तिकडं गेले नाही, आणि त्याच खालांनी बायांना चुप बैठो म्हटलं. ॲपची किळस आहेच, पण ती करायला सोपी आहे. दुसरी जी आहे, माझी स्वतःची, ती ताटावर बसले की येते.

केंद्रावर फोन केला. तिथला माणूस नीट बोलला. म्हणाला, पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही, पण निरोप ठेवतो. म्हणजे तुमचंच वाक्य, लावतील की पुन्हा.

काल रात्रीच्या जेवणाला मी आणि माय बसलो होतो. खिडकी उघडी होती, खालांचं मशीन चालू होतं. माय घास चावत होती. चावता चावता म्हणाली, "गळा तसाच होता, न्हाई का गं?" मी विचारलं, कुणाचा? ती म्हणाली, "कुणाचा म्हंजी? त्या दिशी खिडकीतून आला त्यो." मी म्हणाले, माय, तुला कळलं होतं? "न कळायला काय? एवढी वर्सं ऐकलाय." मग तू बोलली का नाहीस? मला का नाही सांगितलंस, हे आबा आहेत म्हणून? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी काहीतरी वेडगळ विचारलंय. "रेडिओ लागल्यावर बोलायचं न्हाई, म्हणायचे न्हाई का ते?" आणि मग, अगदी सहज, "उगडी राहू दे म्हणले की मी." एवढं बोलून तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. मी म्हटलेलं तिनं ऐकलं होतं, रेकायलंय म्हटलेलं.

हे मी स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून लिहिते आहे. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही विचारलं असतंत, सांग बरं, काय काय ऐकलं? तर तेवढं इथंच सांगून ठेवते. तुम्ही गेल्यापासून माझ्या कानात तुमचा एकच आवाज होता, आवाज गेला तर गप बसायचं म्हणणारा. तो आता कितीही आठवला तरी येत नाही. डोळे मिटले की ती लांबच लांब हाक येते आणि मागून ढोलकीची एक थाप. पुढचं काही येत नाही, तिथं मी कडी घातलेली आहे.